नागपूरच्या उन्हात अ‍ॅक्वापोनिक्सचं पाणी आणि मासे कसे सांभाळावेत

माशांच्या टाकीतलं पाणी पंपाने गिट्टीच्या वाफ्यात चढतं, गिट्टीवर वाढलेले जिवाणू माशांच्या घाणीचं खत करतात, पालक-सांबार (कोथिंबीर) ते खत शोषून घेतात आणि निवळलेलं पाणी परत टाकीत पडतं. अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे एवढंच. जोडायला दोन रविवार पुरतात. नंतरचं रोजचं काम मात्र पाण्याचं आहे. त्यात आपल्याकडे जानेवारीच्या रात्री पारा ८-१० अंशांपर्यंत उतरतो आणि मेमध्ये ४५ च्या वर जातो, म्हणून थंड प्रदेशातल्या लोकांचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. खाली ५०० लिटरची टाकी आणि दोन वाफे धरून सांगतो.

जागा आणि गिट्टी

५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन, गिट्टीचं वजन वेगळं. टाकी स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, बीम किंवा भिंतीच्या वरच ठेवा. घर जुनं असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली येईल असा पूर्वेचा कोपरा उत्तम.

वाफा ३० सेंटिमीटर खोल हवा. आपल्याकडची काळी गिट्टी या कामाला फार चांगली, कारण तो दगड पाण्याचा पीएच, म्हणजे आंबट-खारेपणाचा आकडा, बिघडवत नाही. पण ढिगात पांढुरके खडे मिसळलेले असतात. त्यातले चार उचलून लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर ती चुनखडी. असे खडे वेचून फेका. बाकीची गिट्टी पाणी नितळ येईपर्यंत धुवा.

पाणी कुठलं भरायचं

नळाला येणाऱ्या पेंच धरणाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माशांना मारतं आणि जिवाणूंनाही. वेगळ्या ड्रममध्ये पाणी उघडं ठेवून त्यात हवेचा पंप दोन दिवस चालवा, मग वापरा. बोरिंगच्या पाण्यात क्लोरीन नसलं तरी ते बहुधा जड असतं आणि त्याचा पीएच ८ च्या आसपास निघू शकतो. आपल्याला हवा ७ च्या जवळ. पावसाचं पाणी मऊ असतं, म्हणून पावसाळ्यात दोन ड्रम भरून झाकून ठेवा. बोरिंगच्या पाण्यात मिसळायला ते सोन्यासारखं आहे. आरओ मशीनचं बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून पुष्कळ जण टाकीत सोडतात. तसं करू नका, त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात.

पीएच उतरवायचा असेल तर टाकीत काहीच ओतू नका. भरायच्या पाण्याच्या ड्रममध्ये फॉस्फोरिक अ‍ॅसिड थेंबाथेंबाने घाला, हातमोजे घालून. लिंबू आणि व्हिनेगर यासाठी नकोत, ते जिवाणूंना बाधतात.

माशांआधी जिवाणू

सगळ्यांची घाई इथेच नडते. टाकी भरली की पंप सुरू करा आणि मासे न सोडता रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाका. ते कुजून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट, आणि हे नायट्रेटच झाडांचं मुख्य अन्न. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांचं टेस्ट किट मिळतं, तेच घ्या. दर दोन दिवसांनी तपासा आणि रंग दिवसाच्या उजेडात जुळवा. ट्यूबलाइटखाली हिरव्याच्या छटा फसवतात. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त.

माझं आग्रहाचं सांगणं: सुरुवात ऑगस्टमध्ये करा. हवा उबदार असते, ऊन मारक नसतं आणि मे येईपर्यंत जिवाणूंची वस्ती चांगली जुनी झालेली असते.

मासे किती, कोणते

हजार लिटरला १० किलो मासे ही घरच्यासाठी सुरक्षित मर्यादा. आपल्या ५०० लिटरला ५ किलो, म्हणजे पाव किलोपर्यंत वाढवायचे २० मासे. रोहू-कटला मोठे होतात, त्यांना ही टाकी तोकडी पडते. सायप्रिनस (कॉमन कार्प) किंवा कोई कार्पही मोठे होतात, पण ते इथली थंडी आणि ऊन दोन्ही बऱ्यापैकी सोसतात. थाई मागूर कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका, त्याला देशात बंदी आहे. बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) आणल्यावर पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घ्या आणि शेवटी मासे सोडा. मासे उड्या मारतात, टाकीवर जाळी हवीच. माशांबद्दल शंका असली तर तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथल्या जाणकारांना विचारता येतं.

खाद्य वजनाच्या एक ते दोन टक्के, दिवसातून दोनदा. दहा-पंधरा मिनिटांत संपेल तेवढंच घाला आणि उरलेलं जाळीने काढा.

मेमध्ये काय होतं

पहिल्याच उन्हाळ्यात एका सकाळी माझे बारा मासे उलटे तरंगताना दिसले. किटवर अमोनिया १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग). जानेवारीतही साधारण तेवढाच होता आणि तेव्हा मासे व्यवस्थित खात होते. मला उलगडा व्हायला दिवस लागले. अमोनियाचा सगळाच भाग विषारी नसतो. किती भाग विषारी व्हायचा, ते पीएच आणि तापमान ठरवतात. पीएच ८ असताना २० अंशांना सुमारे ४ टक्के अमोनिया विषारी रूपात असतो, ३० अंशांना ७-८ टक्के. पीएच ७ ला मात्र ३० अंशांनाही एक टक्क्याहून कमी. माझं बोरिंगचं पाणी ८ वर होतं. रोज बाष्पीभवनाने पाणी घटायचं, मी पुन्हा बोरिंगचंच भरायचो, क्षार वाढतच गेले. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या वर, ३५ अंशांना ७ च्या आसपास. किटवरचा आकडा तोच राहिला, पण माशांसाठी पाणी पार बदललं होतं.

म्हणून मार्चमध्येच टाकी आणि वाफ्यांवर हिरवी जाळी बांधा. ड्रमला गोणपाट गुंडाळून ओलं ठेवा, माठासारखं. गिट्टी तापली की पाणीही तापवते, तिच्यावर तणसाचा कोरडा थर पसरा आणि गिट्टीतलं पाणी वरून दोन बोटं खालीच राहू द्या. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, दुपारचं खाद्य बंद करा, फक्त सकाळी द्या. फार तापलंच तर बर्फाची बंद बाटली पाण्यात सोडा, पण एकदम तीन अंशांहून जास्त उतरवू नका.

वादळाने वीज गेली तर पंपाआधी हवेची सोय करा. इन्व्हर्टरवर हवेचा छोटा पंप जोडून ठेवा. तोही नसेल तर बादलीने टाकीतलंच पाणी उंचावरून पुन्हा टाकीत ओतत राहा. थकवणारं काम आहे, पण मासे वाचतात.

रोज काय बघायचं

सकाळी सहाला टाकीशी उभं राहा. रात्रभरात प्राणवायू सर्वांत कमी झालेला असतो, त्यामुळे त्रास तेव्हाच कळतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर खाद्य थांबवा, हवा वाढवा आणि किट काढा. अमोनिया किंवा नायट्राइट चढलं असेल तर एक तृतीयांश पाणी बदला, नवं पाणी त्याच तापमानाचं घेऊन. कल्ले तपकिरी दिसले तर नायट्राइटची शंका घ्या. लिटरला एक ग्रॅम खडा मीठ, म्हणजे ५०० लिटरला अर्धा किलो, विरघळवून घाला. त्याने विषबाधा आवरते.

जिवाणू काम करतात तसा पीएच हळूहळू उतरतोही. ६.५ च्या खाली गेला तर खायचा चुना चिमूटभर बादलीत विरघळवून दोन-तीन दिवसांत थोडा थोडा घाला. सहाच्या खाली जिवाणू जवळजवळ थांबतात.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी पडतंय. पीएच ७ च्या वर असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड आयर्न (झाडांना शोषता येईल अशा रूपातलं लोह) घ्या. पाणी लालसर होईल, त्याने माशांना काही होत नाही. मावा पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. कीटकनाशक, बोर्डो मिश्रण, कडुनिंबाचं तेल यांतलं काहीही या झाडांवर मारू नका, सगळं शेवटी माशांच्या पाण्यात उतरतं.

हिवाळ्यात पालक, मेथी, सांबार. उन्हाळ्यात मयाळू, अंबाडी, चवळी आणि पुदिना. मासे काढायचे तेव्हा सगळे एकदम काढू नका, नाहीतर वाफे उपाशी राहतात. पाच काढा, पाच बोटुकल्या सोडा, आणि पुढचे दहा दिवस किट हाताशी ठेवा.