३०० चं कनेक्शन ९४ वर का अडकत होतं

आमच्या ऑफिसात फायबरचा ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, पण केबल लावलेल्या पीसीवरसुद्धा स्पीड टेस्ट ९४ च्या पुढे जाईना. हा आकडा दिसला की आधी पोर्ट बघावा. जुन्या राउटरच्या खाली बारीक अक्षरात १०/१०० छापलेलं होतं, म्हणजे वॅन पोर्टच (बाहेरून येणारी नेटची लाइन जिथे लागते तो) १०० एमबीपीएसचा, आणि असा पोर्ट प्रत्यक्षात ९४ च्या आसपासच देतो. प्लॅन वाढवून काहीच उपयोग नव्हता.

वायफायसाठी ॲक्सेस पॉइंट वेगळा होताच, म्हणून फक्त वायर्ड राउटर घ्यायचं ठरवलं. टीपी-लिंकचा ईआर६०५ घेतला: पाचही पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) आणि दुसरी लाइन जोडायची सोय. जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या तारखेला नेट गेलं तर काय होतं, हे ज्याने भोगलंय त्याला दुसऱ्या लाइनची किंमत सांगायला नको. मायक्रोटिकचा हेक्सही उत्तम आहे, पण त्याचं सेटिंग नवख्याला जड जातं.

नेटवाल्याला सांगून ओएनटी (फायबरची लाइन जिथे येते तो डबा) ब्रिज मोडवर टाकून घेतला, म्हणजे तो स्वतः राउटरचं काम न करता नेट नुसतं पुढे देतो, आणि पीपीपीओईचा (नेटवाल्याकडे लॉगिन करायचा) युजरनेम-पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरला. हे जरूर करा, नाहीतर डबल नॅट होऊन (म्हणजे दोन डबे एकामागोमाग राउटरचं काम करून) बाहेरून सीसीटीव्ही बघताना अडचण येते.

तरी एक पीसी ९४ वरच! त्याच्या केबलच्या कनेक्टरमध्ये आठपैकी चारच तारा क्रिम्प केलेल्या निघाल्या. १०० ला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. कॅट ५ई केबल तीच ठेवली, दोन्ही टोकांना नवे कनेक्टर मारले आणि तिथेही पूर्ण स्पीड आला.