स्पॅमचा आकडा आधी बघा, मग बदला

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीचं कोटेशनचं मेल स्पॅममध्ये गेलं, की पहिला हुकूम सुटतो: फिल्टर बंद करा! थांबा. स्पॅमअसॅसिन (मेलला गुण देऊन स्पॅम ओळखणारा सर्व्हरवरचा फिल्टर) मूळ सेटिंगमध्ये मेल पुसत नाही, फक्त शिक्का मारतं. ५ गुण झाले की स्पॅम. ही ५ ची रेघ एकट्या माणसाच्या मेलबॉक्सला ठीक, पण अनेकांचं मेल सांभाळणाऱ्या सर्व्हरला कडक पडते; तिथं ८ किंवा १० ठेवा, असं त्याच्या माहितीपत्रकातच म्हटलंय. मेल उडवायचं की वेगळ्या फोल्डरात टाकायचं, हे तुमचा अ‍ॅडमिन ठरवतो. म्हणजे ऑर्डर गायब झाली तर आधी त्याला गाठा.

अडकलेल्या मेलच्या हेडरमध्ये (मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक ओळींत) ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ ही ओळ शोधा. कुठल्या नियमांनी गुण चढवले ते तिथं दिसतं. त्या एखाद्याच नियमाचे गुण कमी करा, तेही ‘लोकल डॉट सीएफ’ या स्वतःच्या बदलांसाठीच्या फाइलमध्ये. मूळ नियमांच्या फाइलींना हात लावलात तर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जातं (मग रात्री जागरण!). नेहमीच्या गिऱ्हाइकाला सूट देताना नुसत्या पत्त्यावर देऊ नका, पत्ता कुणीही खोटा लावतो; एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनकडून आलंय का, याच्या खुणा) तपासणारी सूट द्या. बदलानंतर ‘लिंट’ (सेटिंगमधल्या चुका दाखवणारी तपासणी) चालवून मगच सेवा रिस्टार्ट करा.