मॉड्यूलर सिंथ घेताय? आधी या चुका टाळा

महिन्यातून एखादा तरी फोन येतोच. "दादा, मॉड्यूलर घ्यायचंय. सुरुवात कुठून करू?" मी विचारतो, वाजवायचं काय आहे? पलीकडे शांतता. मग माझ्या लक्षात येतं की गड्यानं रात्र रात्र जागून व्हिडिओ बघितलेत, लुकलुकणारे दिवे आणि रंगीत वायरींचं जंजाळ डोळ्यांत भरलंय आणि सूर अजून कानात शिरायचाय.

सोलापुरात हे यंत्र, म्हणजे सुटे भाग जोडून विजेवर आवाज काढणारं सिंथेसायझर, बाळगणारे आम्ही मोजके. एकमेकांच्या चुका तोंडपाठ आहेत. निम्म्या माझ्याच.

कीबोर्डमध्ये आवाज तयार मिळतो. इथे आवाज काढणारा ऑसिलेटर वेगळा, त्याला घासूनपुसून घेणारा फिल्टर वेगळा, आवाज लहानमोठा करणारा व्हीसीए वेगळा. सगळं सुटं विकत घ्यायचं, एका पेटीत बसवायचं आणि वायरींनी जोडायचं. आज बहुतेक जण घेतात ते युरोरॅक, म्हणजे जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनी १९९०च्या दशकात रूढ केलेलं माप. एकेक सुटा भाग, म्हणजे मॉड्यूल, सहज दहा-वीस हजारांच्या घरात जातं, वर परदेशातून मागवलं तर कस्टम्स. म्हणून इथली चूक खिशाला लागते.

लाल पट्टी

हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता आवाज चढतो. मॉड्यूलच्या पाठीला वीज नेणारी चपटी रिबन केबल असते आणि तिच्या एका कडेला लाल पट्टी. ती पट्टी उणे बारा व्होल्टच्या बाजूला यायला हवी. दहा पिनांच्या कनेक्टरमध्ये एका टोकाला उणे बारा, मध्ये ग्राउंडच्या सहा पिना आणि दुसऱ्या टोकाला अधिक बारा. केबल उलटी बसली की अधिकच्या जागी उणे आणि उणेच्या जागी अधिक जातं. संरक्षणाचा डायोड असेल तर वाचलात. सगळ्याच मॉड्यूलमध्ये तो नसतो.

गड्ड्याची जत्रा चालू होती, त्या दिवसांतली गोष्ट. ओळखीतला एक पोरगा जुना वापरलेला फिल्टर घेऊन माझ्याकडे आला. म्हटलं, थांब, चहा टाकतो, मग दोघं मिळून लावू. आधण यायच्या आत बाहेरून आवाज आला, "दादा, लाइट लागंना झालीय." आणि पाठोपाठ तो वास. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे: जळक्या प्लॅस्टिकचा, जरा गोडसर, नाकात दोन दिवस राहणारा. पेटीच्या बाजूची केबल त्यानं नीट लावली होती, मॉड्यूलच्या बाजूची उलटी. त्या मॉड्यूलला पिनांभोवती खाचेची चौकट नव्हती, त्यामुळे केबल कशीही बसत होती.

गेली होती ती टीएल०७२ नावाची चिप, किंमत काही रुपये. पण ती काढून दुसरी बसवायला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे चार दिवस फिल्टर पडून होता आणि काकांनी भिंग डोळ्याला लावून पोराला जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही. घाई कसली होती? दिवे बघायची.

माझी सवय सांगतो. स्विच बंद करून भागत नाही, मी प्लग उपटून ठेवतो. मोबाइलच्या टॉर्चमध्ये दोन्ही टोकांना छापलेली खूण शोधतो आणि बोट ठेवून मोठ्यानं म्हणतो, "लाल, उणे. लाल, उणे." घरातले हसतात. हसू देत. खाचेची चौकट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कनेक्टरच उलटा दाबलेली केबल माझ्या हातात आलेली आहे. नवं मॉड्यूल पहिल्यांदा एका जुन्या छोट्या पॉवर सप्लायवर एकटंच लावून बघतो. मरायचंच असेल तर एकटं मरू दे, शेजारी नकोत.

मे महिना आणि पंचम

यातला शहाणपणा मी स्वतः अब्रू घालवून मिळवलाय.

अॅनालॉग ऑसिलेटरचा सूर व्होल्टेजवर चालतो: दर सप्तकाला एक व्होल्ट, म्हणजे अर्ध्या स्वराला साधारण ८३ मिलिव्होल्ट. हा हिशेब आत ट्रान्झिस्टर करतो आणि ट्रान्झिस्टर उष्णतेला हळवा. भरपाई केलेली नसेल तर एका अंशाला सुमारे ०.३३ टक्के फरक पडतो. दहा अंश बदललं आणि तुम्ही तीन सप्तकं वर वाजवत असलात, तर अर्ध्या स्वरापेक्षा जास्त घसरलात. चांगल्या ऑसिलेटरमध्ये भरपाईचा खास रेझिस्टर असतो, पण तो बर्लिनमधल्या खोलीत जेवढा सुखी असतो तेवढा मे महिन्यातल्या सोलापुरात नसतो.

एका मैत्रिणीच्या गाण्याला साथ होती. काळी चार. तानपुऱ्याऐवजी दोन ऑसिलेटरवर सा आणि प धरायचे, अशी माझीच भन्नाट कल्पना. पत्र्याच्या हॉलमध्ये संध्याकाळी पाचला घामाच्या धारांत बसून सूर लावले. नऊला कार्यक्रम सुरू झाला, आयोजकांनी कृपा केली आणि मोठा कूलर लावला. नेमका माझ्या पेटीच्या पाठीशी.

पाचव्या मिनिटाला पंचमात डोल यायला लागला. आधी मला वाटलं, छान वाटतंय. मग हार्मोनियमवाल्या काकांनी माझ्याकडे न बघता एका बोटानं सा दाबला आणि दाबूनच ठेवला. त्यांनी एवढंच केलं. मी आवाजाचा फेडर खाली ओढला. पुढचा पाऊण तास फोनमधल्या तानपुऱ्यावर गाणं झालं आणि दोन लाखांचं यंत्र शेजारी दिवे लुकलुकवत बसलं.

तेव्हापासून अर्धा तास आधी चालू करून ठेवतो आणि कूलर-पंखे जसे राहणार तसे लावून झाल्यावरच सुराला हात घालतो. पंचम लावताना ट्यूनरच्या हिरव्या दिव्यावर जात नाही. ट्यूनर सातशे सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) पंचम दाखवतो, शुद्ध पंचम जवळपास ७०२ चा. डोल थांबेपर्यंत कानानं लावायचा. आणि खरं सांगू? आधार सूर मी आता अॅनालॉगवर ठेवतच नाही.

"पॅच तर झाला, उद्या वाजवू"

पॅच म्हणजे वायरी आणि बटणांची जमवलेली मांडणी. ती उद्या नाही वाजत. या यंत्राला आठवण नाही. गावात जकार्डचे माग बघितलेत ना? चादरीवरचा मोर पुन्हा हवा असला की पंच केलेली कार्डं चढवली, मोर हजर. इथे कार्ड नाही. चाळीस वायरी आणि साठ बटणं जशी आहेत तशी राहिली तर आवाज राहिला. रिक्षाचा एक खड्डा पुरे. फोटो काढा, पण फोटोत बटणाची नेमकी जागा दिसत नाही, म्हणून मी वहीत घड्याळाच्या काट्यासारखं लिहितो: फिल्टर दोनवर, रेझोनन्स दहावर. तरीही आवाज कालचा येत नाही, त्याचा मावसभाऊ येतो. आवडलेला आवाज त्याच रात्री रेकॉर्ड करून टाका.

ज्याला एका कार्यक्रमात बारा गाणी वाजवायचीत, त्यानं मॉड्यूलरच्या वाटेला जाऊच नये असं माझं मत आहे. खुद्द रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून कपाटाएवढे मॉड्यूलर बनवले आणि १९७० मध्ये वायरी नसलेला मिनीमूग बाजारात आणला. वादकांना काय हवं होतं ते यातूनच दिसतं.

बाकीच्या, पटापट

चार ऑसिलेटर आणि एकच व्हीसीए घेणारे दर वर्षी भेटतात. उलट करा.

कॉर्ड हवी म्हणता? चार स्वरांना चार ऑसिलेटर, चार फिल्टर, चार व्हीसीए. दुकानातला साधा कीबोर्ड घ्या.

सप्लायची क्षमता मिलिअॅम्पिअरमध्ये लिहिलेली असते. प्रत्येक मॉड्यूलचा आकडा बेरीज करून बघा. मी पाव भाग मोकळा ठेवतो. सप्लाय काठोकाठ भरलेला असला की सूर हलतो आणि दोष ऑसिलेटरवर जातो.

दोन आउटपुट एकमेकांना जोडून मिक्स होत नाही. मिक्सर वापरा.

आतला आवाज दहा व्होल्टपर्यंत हलतो. हॉलच्या मिक्सरला त्याची सवय नाही. आउटपुट मॉड्यूल नसेल तर निदान गेन शून्यावर ठेवून वायर लावा. साउंडवाल्या दादांशी संबंध टिकतात.

आणि तो फोन करणारा? त्याला मी व्हीसीव्ही रॅक नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगतो. २०१७ पासून फुकट मिळतं, कॉम्प्युटरवर चालतं आणि जळत नाही. सहा महिने रोज वाजव, मग ये, माझी पेटी उघडून दाखवतो. बहुतेक जण परत येत नाहीत. एक आला होता, वही भरून. त्याला फक्त एक रिबन केबल दिली आणि विचारलं, लाल कुठं?