अपग्रेडनंतर गाणी सापडेनात? आधी पट्ट्या वाचवा

नौपाड्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी कराओकेची बैठक असते. गाणारे बहुतेक साठी ओलांडलेले. लॅपटॉप आणि गाण्यांची हार्ड डिस्क मी सांभाळते. मागच्या पावसाळ्यात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली आणि बैठकीच्या अर्धा तास आधी पाहते तर प्रत्येक गाण्यापुढे ‘फाइल सापडत नाही’. मी घाबरून ‘पुन्हा स्कॅन’ दाबलं. गाणी आली, पण प्रत्येकाची पट्टी, म्हणजे त्याच्या गळ्यासाठी गाणं किती वर किंवा खाली न्यायचं ती नोंद, पुसली गेली. दोन वर्षं एकेकाला गाऊन बघायला लावून त्या पट्ट्या ठरवल्या होत्या. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहिते आहे.

सॉफ्टवेअर गाणी स्वतःत साठवत नाही. कुठलं गाणं कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरात आहे याची नोंदवही ठेवतं, म्हणजे डेटाबेस. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी, लय आणि कोण काय गातं हेही त्याच नोंदवहीत असतं, गाण्याच्या फाइलमध्ये नाही. म्हणून गाणी दिसेनाशी झाली तर स्कॅन करू नका. आधी हार्ड डिस्कचं अक्षर बघा. माझी डिस्क पूर्वी ‘ई’ होती, विंडोजने तिला ‘एफ’ करून टाकलं होतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कवर राइट क्लिक करायचं आणि जुनं अक्षर परत द्यायचं. जुन्या नोंदी शाबूत असतील तर एवढ्यावर भागतं. मला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

मग पट्टी फाइलच्या नावातच लिहायची असं ठरवलं. गाणं, मूळ गायक, आपला गाणारा, शेवटी ‘उणे ५’ किंवा ‘अधिक २’, म्हणजे गाणं मूळ पट्टीपेक्षा किती सेमीटोन (पेटीवरच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) खाली किंवा वर न्यायचं ते. आमच्या एक काकू काळी एकमधलं पुरुषाचं गाणं काळी चारमध्ये गातात. सात सेमीटोन वर नेलं काय किंवा पाच खाली आणलं काय, येते काळी चारच. पण गाणं जितकं जास्त सरकवाल तितकी वाद्यं विचित्र वाजतात, म्हणून उणे ५. हे नाव बघून त्यांची पट्टी मी आता कुठल्याही लॅपटॉपवर लावू शकते.

नाव बदलताना मात्र जोडी तुटू देऊ नका. आपल्याकडची बरीचशी गाणी दोन फाइलींत असतात: एमपीथ्रीत वाद्यमेळ, सीडीजीत पडद्यावरचे शब्द. दोन्हींचं नाव तंतोतंत एक आणि फोल्डरही एकच हवा. एक जागा जास्त पडली तरी वाद्यं वाजतात आणि पडदा कोरा राहतो. जोडीची झिप करून ठेवली तर हा घोळ होत नाही. नाव बदललं की जुनी नोंद त्या फाइलला सापडत नाही, तेव्हा सगळी नावं एकदम बदला आणि नंतर एकदाच स्कॅन करा. नावं मी रोमन लिपीत ठेवते, कारण काही जुनी सॉफ्टवेअर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दाखवतात.

शब्द अर्ध्यावर थांबत असतील तर सीडीजीचा आकार बघा. ती सेकंदाला ७,२०० बाइट घेते, म्हणजे मिनिटाला साधारण ४३२ केबी. चार मिनिटांच्या गाण्याची फाइल १.७ एमबीच्या आसपास हवी. दोनशे केबीची दिसली तर कॉपी करताना ती तुटली आहे, दुसरीकडून पुन्हा आणा. आणि एमपीथ्रीच्या सुरुवातीची शांतता कापू नका. दोन सेकंद कापलीत तर शब्द दोन सेकंद मागे पडतात, आणि ज्यांना गाणं पाठ नाही त्यांची समेवर यायची पंचाईत होते.

पुढचं अपग्रेड रविवारी सकाळी करा, म्हणजे बैठकीला आठवडा हाताशी राहतो. त्याआधी सॉफ्टवेअर बंद करून डेटाबेसचा पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या, जुन्या आवृत्तीची इन्स्टॉल फाइलही त्यातच ठेवा. अपग्रेड झाल्यावर दहा गाणी शब्दांसकट शेवटपर्यंत वाजवून बघा. त्यात पट्टी बदललेली निदान चार असू देत.