प्रोस्टेट कर्करोग पसरवण्यात एखाद्या जनुकाचा हात आहे का, हे कसे तपासावे

पसरलेल्या गाठीत एखादे जनुक वाढलेले दिसले, एवढ्यावरून ते प्रसाराला जबाबदार ठरत नाही. जनुकाची अभिव्यक्ती (ते किती सक्रिय आहे) मोजल्यावर ती मुद्दाम बदलून पाहावी लागते.

सुरुवातीला पीसी-३ पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी) सोयीच्या. एलएनकॅप या अशाच दुसऱ्या पेशींशी तुलना करताना जपून: पीसी-३ हाडातल्या गाठीतून आलेली, एलएनकॅप लसिका ग्रंथीतल्या. म्हणजे दोन्ही पसरलेल्याच. एलएनकॅप हा 'निरोगी' नमुना नव्हे. शिवाय ती अँड्रोजेनला (पुरुष संप्रेरकाला) प्रतिसाद देते, पीसी-३ देत नाही. दोघींतला फरक निव्वळ त्यामुळेही असू शकतो.

पेशींनी ७०–८० टक्के तळ व्यापला की आरएनए काढा. दाटी प्रत्येक वेळी सारखीच ठेवा, कारण ई-कॅडहेरिन (पेशींना एकमेकींशी जोडणारे प्रथिन) दाटीनुसार बदलते. आरएनएची शुद्धता दाखवणारे २६०/२८० गुणोत्तर २.० च्या आसपास हवे. डीएनएज (डीएनए तोडणारे विकर) प्रक्रिया करून १ मायक्रोग्रॅम आरएनएपासून सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) बनवा आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (ही प्रत बनवणारे विकर) न घातलेली एक नळी सोबत चालवा. तिच्यात संकेत आला तर जीनोमिक डीएनए शिल्लक आहे. क्यूपीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवत त्यांचे प्रमाण मोजणारी चाचणी) ई-कॅडहेरिन, एन-कॅडहेरिन, व्हिमेंटिन, झेब-१ मोजा; पेशी एकमेकींना जोडलेल्या आहेत की सुट्या होऊन फिरू लागल्या, हे ही जनुके दाखवतात. तुलनेसाठी एकट्या जीएपीडीएचवर (नेहमीचे संदर्भ जनुक) विसंबू नका, कर्करोगात तेही हलते. किमान दोन स्थिर जनुके घ्या. प्रायमरची (त्या जनुकाला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) कार्यक्षमता ९०–११० टक्के असेल, तरच सीटीमधला (संकेत दिसू लागतो ते चक्र) १ चा फरक साधारण दुप्पट धरता येतो.

रुग्णाच्या गाठीचा अख्खा तुकडा दळला असेल तर व्हिमेंटिनवर लगेच विश्वास ठेवू नका. ते आधारऊतीच्या (गाठीतल्या कर्करोग पेशींना आधार देणारी ऊती) पेशींत मुळातच भरपूर असते, त्यामुळे वाढ गाठीची की आधारऊतीची हे कळत नाही. अशा वेळी प्रथिनाचे ऊतिरंजन करून ते नेमके कोणत्या पेशींत आहे ते पाहा.

आता खरी कसोटी. संशयित जनुक दोन वेगवेगळ्या एसआय-आरएनएने (ठरावीक जनुक दाबणारे छोटे आरएनए) दाबा, सोबत निष्क्रिय क्रमाचा नियंत्रण नमुना ठेवा. एकानेच परिणाम दिला तर तो बहुधा भलत्याच जनुकावरचा. आरएनए ४८ तासांनी, प्रथिन ७२ तासांनी तपासा. मग ८ मायक्रोमीटर छिद्रांच्या ट्रान्सवेलमध्ये (मधे सच्छिद्र पडदा असलेले दोन कप्पे) वर सीरमविरहित माध्यमात ५०,००० पेशी, खाली पेशींना ओढणारे १० टक्के सीरम, २४ तास. आक्रमण पाहायचे तर पडद्यावर मॅट्रिजेलचा (पेशींभोवतीच्या आवरणासारखे जेल) थर द्या. ते कोमट होताच गोठते, म्हणून टिप्सही बर्फावर थंड करा. वरच्या पेशी कापसाने पुसून खालच्या रंगवून मोजा.

इथे नेहमी फसगत होते: जनुक दाबल्याने पेशी मेल्या किंवा कमी वाढल्या, तरी खाली कमीच दिसतात. त्याच वेळी साध्या थाळीतही तेवढ्याच पेशी लावून २४ तासांनी मोजा. तिथली घट ट्रान्सवेलइतकीच असेल, तर जनुकाचा संबंध वाढीशी आहे, प्रसाराशी नाही.