सोलापूरच्या माळावर नकाशा घेऊन धाव

सोलापूरला डोंगर नाहीत, मग इथे ओरिएंटिअरिंग (नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरलेली ठिकाणं शोधत धावणं) कुठे करणार, असं बरेच जण विचारतात. पण सपाट माळरान हेच याच्या सरावाला अवघड आणि म्हणून चांगलं मैदान आहे. डोंगरात कडा, सोंड, खिंड लांबूनच दिसते. माळावर मात्र बांध, ओढा, विहीर, बाभळीची रांग एवढ्याच खुणा, आणि सगळ्या एकसारख्या. नकाशा मन लावून वाचला नाही, तर दोनशे मीटरमध्येच माणूस चुकतो.

सुरुवात नकाशापासून. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावरून आपल्या भागाचा नकाशा १:१०,००० या प्रमाणात ए-फोर कागदावर छापा. १ सेंमी म्हणजे १०० मीटर. एका पानात साधारण दोन बाय तीन किलोमीटरचा भाग येतो, पाच किलोमीटरच्या धावेला तो पुरतो. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर प्रमाण बदलतं. छापून झाल्यावर प्रमाणपट्टी फूटपट्टीने मोजून बघा. मग उपग्रह चित्र समोर ठेवून बांध, विहिरी, विजेच्या तारा, पाणंद रस्ते पेन्सिलने भरा.

सलग समतल चर (पाणी मुरवायला खोदलेले लांब चर) नकाशावर जरूर काढा. छापील नकाशात ते बहुधा नसतात, पण ते समान उंचीवरून खोदलेले असल्यामुळे ज्या माळावर चढ डोळ्याला जाणवतही नाही, तिथे त्यांच्या वळणांवरून जमिनीचा उतार कळतो. चर गवताने झाकला की घोटा मुरगळतो तोही इथेच, त्यामुळे चराच्या कडेने धावा, आडवा जाताना चालत ओलांडा.

आता मार्ग आखा. सुरुवातीला त्रिकोण, वाटेत गाठायच्या प्रत्येक ठिकाणाला वर्तुळ, शेवटी दुहेरी वर्तुळ. सहा ठिकाणं, दोन ठिकाणांमधलं अंतर २०० ते ५०० मीटर. तिथे काही बांधून ठेवायची गरज नाही. विजेच्या खांबावर रंगवलेला क्रमांक लिहून आणला की पोहोचल्याचा पुरावा झाला.

धावताना नकाशा घडी घालून आपण आहोत तिथे अंगठा ठेवा आणि वळणावर नकाशा फिरवून त्याची उत्तर होकायंत्राच्या उत्तरेशी जुळवा. प्रत्येक टप्प्याआधी तीन गोष्टी ठरवा: कशाच्या आधाराने जायचं (पाणंद, ओढा, तारांची रांग), कुठल्या ठळक खुणेपासून शेवटचे शंभर मीटर मोजून जायचं, आणि पुढे निघून गेलो तर कशावरून कळेल. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर तो टप्पा चालतच करा.

अंतर मोजायला शंभर मीटर आखून फक्त उजव्या पायाची पावलं मोजा. चालताना साधारण ६० ते ६५, सावकाश धावताना ४० ते ४५ येतात. डांबरी रस्ता, मुरूम आणि नांगरट अशा तिन्हींवर वेगळं मोजा, कारण ढेकळांत पाऊल आखूड पडतं.

ओढ्यावरचं ठिकाण गाठताना सरळ नेम धरू नका. मुद्दाम तीसेक मीटर डावीकडे जा. ओढा लागला की उजवीकडेच वळायचं, हे पक्कं राहतं. सरळ गेलात आणि खूण दिसली नाही, तर ती कुठल्या बाजूला राहिली हेच कळत नाही.

होकायंत्र मोबाइलपासून आणि उच्च दाबाच्या तारांपासून लांब धरा. आपला काळा दगड बेसाल्टचा, त्यात चुंबकीय खनिज असतं. खडक उघडा पडलेल्या जागी सुई थोडी भरकटू शकते, म्हणून दहा पावलं बाजूला जाऊन पुन्हा बघा. सूर्यावर भरवसा ठेवायचा तर जूनमध्ये तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो हे लक्षात असू द्या. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी तो थेट डोक्यावर येतो, तेव्हा सावलीवरून दिशा मिळत नाही. तसंही मे महिन्यात साडेपाचला निघून सातपर्यंत परत या. सोबत किमान अर्धा लिटर पाणी, तासाहून जास्त वेळ असेल तर लिटरभर.

हिप्परग्याच्या तलावाच्या काठाने धावताना नकाशातली निळी रेघ आधाराला धरू नका. उन्हाळ्यात पाणी खूप आत सरकतं आणि मधे भेगाळलेला गाळ असतो. पावसाळ्यात काळ्या मातीत उतरूच नका, बुटाला चिखलाचा गोळा चढतो आणि पाय घसरतो. मुरमाड माळ धरा. ऑक्टोबरनंतर कुसळं मोज्यात घुसतात, तेव्हा घोट्यावर कापडी पट्टी गुंडाळा. बाभळीचा काटा बुटाच्या मऊ तळव्यातून आरपार जातो, म्हणून जाड, टणक तळव्याचा बूट घ्या आणि घरी आल्यावर तळवा चिमट्याने तपासा. उभ्या ज्वारीत शिरू नका, आणि कापणीनंतरची धसकटंही टाळा, ती पोटरी फाडतात. दगड हाताने उलटू नका, खाली फुरसं असू शकतं. मेंढ्यांच्या वाड्याजवळ कुत्री अंगावर आली तर धावणं थांबवा आणि मालकाला हाक द्या. नान्नजचं माळढोक अभयारण्य सरावाची जागा नाही.

आठवड्यातून तीनदा एवढं पुरे. घरी आल्यावर, अंघोळीच्याही आधी, त्याच नकाशावर प्रत्यक्ष गेलेला मार्ग लाल पेनने काढा आणि जिथे थांबलात किंवा मागे फिरलात तिथे किती वेळ गेला ते लिहा. पुढच्या वेळी तोच मार्ग उलट्या दिशेने घ्या. वेळ जाण्याच्या जागा कमी झाल्या, तरच वेग वाढवा.