वारी संपल्यावर पुढे कुठे जावं? मुंबईकर वारकऱ्यांसाठी

द्वादशीचं पारणं झालं की पंढरपुरातल्या दिंड्या पांगायला लागतात. ट्रकमधून पिशव्या उतरतात, गळाभेटी होतात आणि ज्याला त्याला आपल्या गावची गाडी दिसू लागते. मुंबईहून आलेले बरेच जण त्याच रात्री निघतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलच्या दारात उभे असतात. आळंदीपासून सुमारे २५० किलोमीटर पायी आलेल्या माणसाने स्वतःवर एवढी घाई लादू नये, असं मला मनापासून वाटतं. मध्ये दोन दिवस ठेवा. ते कुठे घालवायचे हे मात्र निघण्याआधी घरीच ठरवा. यात्रेच्या गर्दीत बसून असं काही ठरत नाही.

आधी एक दिवस कुठेही जाऊ नका

आषाढी यात्रेच्या दिवसांत विठोबाचा पलंग काढून ठेवतात. देवाच्या पाठीशी लोड देतात आणि दर्शन रात्रंदिवस चालू राहतं. यात्रा उरकली की प्रक्षाळपूजा होते. देवाला स्नान घालतात, पायांना लिंबू-साखर लावतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग पलंग पुन्हा जागेवर येतो. जिथे देवाचा शीण इतक्या निगुतीने काढतात, तिथे आपणही एक दिवस पाय पसरून झोपायला हरकत नाही.

द्वादशीनंतर मठ आणि धर्मशाळा झपाट्याने रिकाम्या होतात, त्यामुळे राहायची सोय एकादशीपेक्षा पुष्कळ सोपी होते. रजा असेल तर पौर्णिमेपर्यंत थांबा. त्या दिवशी गोपाळपुरात काला होतो आणि पालख्या परतीला लागतात. वाखरीपर्यंत धावत आलेल्यांपैकी किती जणांनी तो काला कधीच पाहिलेला नसतो! माझ्या मते वारी तिथे पुरी होते.

याच दिवशी पाय नीट तपासा. फोड स्वतः फोडू नका, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. मधुमेह असेल तर तळवे दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा, कारण जखम असूनही दुखत नाही असं होऊ शकतं. एकाच पोटरीला सूज असेल, ती लाल किंवा गरम वाटत असेल, तर लांबच्या गाडीत बसण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

पावसाकडे जाऊ नका

वारीनंतर ‘जरा थंड हवेत जाऊ’ म्हणून महाबळेश्वर किंवा कोकण गाठायचा बेत अनेक जण करतात. आषाढात तिथे धो धो पाऊस असतो. ओल्या चपला, ओले मोजे, न वाळणारे कपडे. सोललेली टाच अशा हवेत लवकर भरत नाही. पंढरपूर, मंगळवेढा, सोलापूर, अक्कलकोट हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. इथे सरी येतात, पण मध्ये ऊनही पडतं. म्हणून पश्चिमेला वळण्याऐवजी पूर्वेला वळा.

दुसरं, ठिकाण एकच निवडा. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, शिर्डी अशी एका गाडीत बसून देव उरकण्याची फेरी वारीनंतर तरी नको. पायऱ्या चढायला गुडघे तयार नसतात आणि मनही अजून टाळ-मृदंगातच असतं.

रजा किती, त्यावर ठिकाण

एकच दिवस असेल तर डोळे मिटून मंगळवेढा. पंढरपूरहून एसटीने साधारण पाऊण तास. ज्यांचे अभंग वाटेत रोज म्हटले, त्यांचं हे गाव. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं लोकांसाठी उघडणारे दामाजीपंत इथले. कान्होपात्रा इथली. आणि चोखोबा. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि राबणाऱ्या मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरपुरात नामदेव पायरीसमोर आहे. पंढरीत तिथे डोकं टेकवून मग मंगळवेढ्याला या, म्हणजे हा प्रवास वारीचाच पुढचा मुक्काम वाटेल. गाव छोटं आहे, सावकाश फिरा. परतताना ज्वारी घ्या. इथल्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे, पण ओझं खांद्याला झेपेल एवढंच.

दोन-तीन दिवस असतील तर सोलापुरात मुक्काम करा. पंढरपूरहून साधारण ७० किलोमीटर. तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर आणि त्याला लागून भुईकोट किल्ला, दोन्ही सपाटीवर, त्यामुळे दुखऱ्या पायांना जमणारं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी इथून घरी न्यायलाच हवी. सोलापुरातून अक्कलकोट ४० किलोमीटरच्या आत आहे; वटवृक्ष मंदिर, स्वामींची समाधी आणि अन्नछत्रातला महाप्रसाद असा निवांत एक दिवस होतो. इथे तिथीकडे मात्र नीट लक्ष द्या. आषाढी पौर्णिमा म्हणजेच गुरुपौर्णिमा. त्या दिवशी अक्कलकोट आणि गाणगापूर दोन्हीकडे पाय ठेवायला जागा नसते. पौर्णिमेचा काला बघून तुम्ही एक दिवस सोडून निघालात तर ही गर्दी आपोआप चुकते. तुळजापूरही इथून जवळ, पण मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊ नका.

घरची माणसं भेटायला उत्सुक असतील तर त्यांनाच सोलापूरला बोलवा. २०२३ पासून मुंबई–सोलापूर वंदे भारत धावते. त्यांना धुतलेले कपडे आणि मऊ चप्पल आणायला सांगा, आणि तुमची वारीची पिशवी त्यांच्या हाती द्या.

आठवडाभर मोकळे असाल तर हंपीला जा, आणि याबद्दल मी आग्रहीच आहे. परंपरा सांगते की विजयनगरच्या कृष्णदेवरायाने विठ्ठलाची मूर्ती आपल्या राजधानीत नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास महाराजांनी ती परत पंढरीला आणली. हंपीचं विठ्ठल मंदिर आज उभं आहे. दगडी रथ आहे, कोरीव खांबांचा मंडप आहे आणि गाभाऱ्यात मूर्ती नाही. चार दिवसांपूर्वी ज्याच्या पायावर डोकं ठेवलं त्याच्यासाठी बांधलेला रिकामा गाभारा पाहताना वारकऱ्याला जे वाटेल ते इतर पर्यटकाला वाटणार नाही. सोलापूरहून विजयपुरा, गदग मार्गे होसपेटेला रेल्वे जाते आणि तिथून हंपी अगदी जवळ आहे. वाटेत विजयपुऱ्याला उतरून गोलघुमट पाहता येतो. वरच्या सज्जात जायला जिना मात्र बराच चढावा लागतो. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच पाहा.

गाडी आणि तिकीट

यात्रेच्या काळात एसटी जादा गाड्या सोडते, पण पंढरपूर स्थानकात द्वादशीला रेटारेटी असते. तेरस-चतुर्दशीला निघा. एसटीत महिलांना आणि ६५ वर्षांपुढच्यांना निम्मं तिकीट, ७५ पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत. वयाची सवलत घ्यायची तर आधार कार्ड खिशात ठेवा, दिंडीच्या ट्रकमध्ये नको. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे, त्यामुळे गाणगापूर-विजयपुऱ्याला जाताना पैसे जवळ असू द्या. मुंबईला परतायला सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची: रात्री झोपायचं, सकाळी मुंबईत. तिचं आरक्षण वारीला निघण्याआधीच करा आणि खालचा बर्थ मागा. पंढरपूरहून थेट येणार असाल तर कुर्डुवाडीला गाडी बदलण्याचा मार्ग सगळ्यात खात्रीचा.

रजाच नसेल तर

तरीही एक संध्याकाळ काढा आणि वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जा. एकादशीला तिथे लांबच लांब रांग असते. नंतरच्या आठवड्यात निवांत बसता येतं. जे वारीला येऊ शकले नाहीत त्या शेजाऱ्यांना, आईला, मावशीला बरोबर न्या. त्यांना ऐकायचं असतं, आणि तुम्हाला सांगायचंही असतं.

मुंबईत उतरल्यावर

आषाढात मुंबईत पाणी तुंबतं आणि तुमच्या पायांना अजून फोड, भेगा असतात. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमांतून शरीरात शिरतात. पहिले काही दिवस साचलेल्या पाण्यातून चालणं टाळा. बूट घाला, जखम झाकून ठेवा. पाण्यातून जावंच लागलं तर घरी येताच पाय साबणाने धुऊन कोरडे करा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे किंवा पालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक औषधाबद्दल विचारा. पायाला आधीपासून जखम होती, हे तिथे आवर्जून सांगा.